हवा लागली की हवा धरली

वारज्यात मथुराबाईंच्या बंगल्यासमोर पत्र्याची शेड आहे. एरवी तिथं एक पांढरी गाडी उभी असायची आणि तिच्या बॉनेटवर शेजारचं मांजर झोपायचं. त्या वर्षी थंडी सुरू झाली तसं मांजर हाकललं गेलं आणि शेडबाहेर चपलांचा ढीग लागायला लागला. कोथरूडच्या सोसायट्यांतल्या निवृत्त मंडळींच्या चामडी चपला, कर्वेनगरच्या कॉलेजातल्या पोरांचे बूट, गावठाणातल्या बायांच्या प्लॅस्टिकच्या सपाता. सगळे अनवाणी उभे राहून गाडीला हात जोडत. गाडीच्या आरशांना हार, नंबरप्लेटला हळदकुंकू, वायपरला उदबत्त्या खोचलेल्या.

कारण गाडी बोलत होती.

शब्दांनी नाही, श्वासानं. मथुराबाईंचे यजमान गेनबा दिवाळीआधी वारले, आणि त्यांचा जीव या गाडीत राहिला, असं श्वासानंद महाराजांचं म्हणणं. भक्तानं चालकाच्या शेजारच्या सीटवर अनवाणी बसायचं, गेनबांचं नाव घेऊन प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. पावलांपाशी जाळी होती, तिच्यातून हवा यायची. ऊबदार आली तर होकार, गार आली तर नकार.

"आत्मा म्हणजे वायू," महाराज मागच्या सीटवर मांडी घालून सांगत. "आणि वायू वायूतूनच बोलणार. तो काय पोस्टकार्ड टाकणार आहे?" यावर लोक हसत. महाराजांना ठाऊक होतं, हसलेला माणूस अर्धा पटलेला असतो.

पुढं चालकाच्या जागी त्यांचा शिष्य श्यामसुंदर बसे, मांडीपासून खाली भगवी शाल पांघरून. त्याचं काम एवढंच, की इंजिन चालू ठेवायचं. "जीव तेवता ठेवायचा," असं महाराज म्हणत. कुणी शंका काढू नये म्हणून हवेचं गरम-गार करायचं बटण लाल खुणेवर ठेवून सगळ्यांदेखत त्याला दोरा गुंडाळला होता आणि गाठीवर लाख ओतली होती. पुण्याचा माणूस दुसऱ्या कशावर विश्वास ठेवो न ठेवो, सीलबंद वस्तूवर ठेवतो.

आणखी एक नियम होता. बॉनेट उघडायचं नाही. "बॉनेट म्हणजे गेनबांची छाती. छाती उघडली की जीव गेला. मग मला विचारायला येऊ नका."

हे सगळं सुरू झालं ते मथुराबाईंच्याच तोंडून निघालेल्या एका वाक्यानं, आणि हेच त्यांना सलत होतं.

मथुराबाई म्हणजे कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. शाळा दुसरीत सुटली, पण जीभ कधी सुटीवर गेली नाही. जमिनीला भाव आले तेव्हा दारी आलेल्या बिल्डरांना त्यांनी ओसरीवर बसवून पाणीसुद्धा आपल्या वेळेनं दिलं. पुढं शेतं गेली, टॉवर उभे राहिले. राहिली ती बंगल्याची जागा, आणि मागं विहिरीलगतचा एक तुकडा, तो मथुराबाईंच्या नावावर. तिथं त्या अजून मेथी आणि लसूण लावत. बाकी घर मुलाच्या हाती, संभाजीच्या.

गेनबांनी म्हातारपणी गाडी घेतली ती खरं तर बायकोच्या गुडघ्यांसाठी. कोथरूडच्या डॉक्टरकडं न्यायला. गाडीत बसलं की मथुराबाईंच्या पायांना ऊब लागायची, आणि गुडघे जरा सैल पडायचे. एकदा भर वैशाखात गेनबा सदऱ्याची बटणं उघडी टाकून घामानं निथळत गाडी चालवत होते. बाई म्हणाल्या, "एवढं उकडतंय तर गार हवा लावा की."

"गाडी तुझ्यावर माया करतीया," गेनबा म्हणाले. "तिला मी कसं आडवू?"

मथुराबाई यावर नाक मुरडून खिडकीबाहेर बघत राहिल्या होत्या. गाडीला हीटर असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुण्यात हीटर लावतं तरी कोण.

गेनबा गेले ते इस्पितळात, पहाटे. त्याआधी रात्रभर कण्हत होते. मथुराबाई जागून जागून वैतागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जरा दमानं घ्या. सगळा वार्ड जागा केलाय तुम्ही." आणि चहा आणायला खाली गेल्या. चहा घेऊन वर आल्या तेव्हा वार्ड शांत होता.

अस्थी वाईला सोडल्या. मथुराबाईंचं माहेर तिकडचं, आणि गेनबांनीच सांगून ठेवलं होतं, "सासुरवाडीच्या नदीत सोडा. जावयाचा मान तेवढाच शिल्लक हाय." परतताना घाटात गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघाली. संभाजीनं गाडी बाजूला घेतली, निवल्यावर प्यायच्या पाण्याची बाटली आत ओतली आणि कशीबशी घरी आणली. घाट उतरताना मथुराबाईंच्या पायांवर गार हवा यायला लागली. गाडी तापलेली, आणि हवा गार. त्यांना त्या इस्पितळातल्या खाटेची आठवण झाली. त्या स्वतःशीच बोलून गेल्या, "ह्यांचा श्वास असा गार कधी नव्हता."

संभाजीनं ते ऐकलं. बापाच्या दुःखात होता, कुणी काही सांगावं एवढीच वाट बघत होता. तो कर्वेनगरात महाराजांकडे गेला. महाराज श्यामसुंदरला घेऊन आले. श्यामसुंदरनं गाडी सुरू करून जरा पळवून बघितली, परत आला आणि महाराजांच्या कानाला लागला. मग महाराजांनी डोळे मिटले आणि सांगितलं, "या गाडीला बाहेरची हवा लागली आहे."

घरात सून होती, श्यामला. कोथरूडची मुलगी, शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "अहो, आधी गॅरेजला दाखवू या." संभाजी म्हणाला, "बाप गॅरेजला नेतात का?" श्यामला गप्प बसली. मथुराबाईंनी तिची बाजू घ्यायला हवी होती. त्या एरवी अशा बुवांना उभ्या उभ्या सोलत. पण त्या दिवशी त्याही गप्प बसल्या, आणि श्यामलाला त्याचं जास्त नवल वाटलं.

त्याचं कारण घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. बंगल्यात खोल्या पुष्कळ, माणसं आपापल्या फोनमध्ये. जेवायला हाक मारली की ताटं उचलून आपापल्या खोलीत. गेनबा असताना मथुराबाई दिवसभर त्यांच्याशी भांडत. चहा गोड झाला, सदरा कुठं टाकला, मेथीला पाणी का दिलं नाही. आता भांडायला समोर कुणी नव्हतं. बाई दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यातली दोन मांजराशी. आणि आता बोलणारं काहीतरी निघालं होतं, ते गाडीत का असेना.

एका संध्याकाळी गर्दी पांगल्यावर त्या स्वतःच गाडीत जाऊन बसल्या.

"नाव घ्या यजमानांचं," महाराज म्हणाले.

मथुराबाईंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नातसुद्धा उखाण्यात नाव यायची वेळ आली तेव्हा लाजून तोंडात पदर कोंबला होता. त्या म्हणाल्या, "अहो."

"चालेल," महाराज उदारपणे म्हणाले. "ओळखतील ते."

"अहो, त्या दिवशी मी बोलले. तुम्ही राग नाही ना धरला?"

महाराजांनी मंत्र सुरू केला. घंटा वाजली, झांजा वाजल्या. बराच वेळ मंत्र चालला. मग पावलांवर हवा आली, आधी कोमट, मग चांगली उबदार. अगदी कोथरूडच्या रस्त्यावर यायची तशी.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. त्या रात्री त्यांना झोप लागली.

बायकोला काय ऐकायचं असतं हे ओळखायला महाराज व्हावं लागत नाही. पण हे दुरून कळतं. ज्याच्या पायावर ऊब आलेली असते त्याला कळत नाही.

मग त्या रोज शेडमध्ये येऊन बसायला लागल्या. गर्दी वाढतच होती. गुडघ्यांमुळं त्यांना उभं राहवत नसे, म्हणून भक्त पुढं बसला की त्या मागं महाराजांच्या शेजारी दाराला टेकून बसत. गेनबांची बायको म्हणून तेवढा मान होता. तिथून त्यांनी लोकांचे प्रश्न ऐकले. परीक्षेचे, नोकरीचे होतेच. पण जास्त प्रश्न वेगळेच होते. सूनबाई पुन्हा बोलेल का. धाकटा सुट्टीत येईल का. फ्लॅटमध्ये मी एकटी पडले तर कुणाला कळेल का. सगळ्या कोथरूडला विचारायला कुणी नव्हतं म्हणून लोक गाडीला विचारत होते.

त्यांतले एक श्रीनिवासराव. बँकेतून निवृत्त, बायको नाही, मुलगा अमेरिकेत. गृहस्थ पक्का पुणेरी. पहिल्या दिवशी चपला काढताना म्हणाले होते, "मी देवळातही जात नाही. गाडीत बसायला काय, बसतो." पण दर आठवड्याला येऊन एकच प्रश्न विचारत. "गेनबा, माधव परत येईल ना?" दर वेळी ऊब येई. ते उतरत, आणि बसस्टॉपकडे जाताना त्यांची पाठ सरळ असे.

महाराज एवढ्यावर थांबणारे नव्हते. आवळा देऊन कोहळा काढायची वेळ आली. एका गुरुवारी त्यांनी संभाजीला पुढं बसवलं आणि बापाला विचारायला लावलं, "अण्णा, विहिरीकडची जागा श्वासमंदिराला द्यायची का?"

मंत्र लांबला. ऊब आली. लोकांनी जयजयकार केला.

"आई," संभाजी उतरून म्हणाला, "अण्णा हो म्हणतात. तुझी सही लागेल. पुढच्या गुरुवारी."

मेथीचं काय करायचं हा विचार मथुराबाईंच्या मनात आला, आणि पाठोपाठ दुसरा. ऊब यायच्या आधी त्यांचे गुडघे झणझणले होते. मागच्या सीटखालून थरथर वर आली होती. घंटा आणि झांजांच्या गोंगाटात कानाला काही कळलं नसतं. पण दुखऱ्या गुडघ्यांपासून बारीकशी थरथरही लपत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून फक्त गुडघ्यांकडं लक्ष दिलं. एका पोराला नकार मिळाला. मंत्र आखूड, गुडघे शांत, हवा गार. श्रीनिवासरावांना होकार मिळाला. मंत्र लांब, गुडघ्यांत झणझण, मग ऊब. जीव तेवता ठेवणाऱ्या श्यामसुंदरची भगवी शाल उजव्या पायापाशी जरा हलत होती.

हे पाहिल्यावर कुणी सुटल्यासारखं हसलं असतं. मथुराबाईंना हसता आलं नाही. कारण त्यांच्याही प्रश्नाला मंत्र लांब होता.

रात्री जेवणं झाल्यावर श्यामला ओट्यापाशी भांडी विसळत होती. मथुराबाई तिथं येऊन उभ्या राहिल्या. अशा त्या कधी येत नसत.

"ती हवा," त्या म्हणाल्या, "कुठनं येती गं?"

श्यामलानं नळ बंद केला. "गाडीतली? तो हीटर आहे, आई. इंजिनात गरम झालेलं पाणी एका बारीक नळीतून आत येतं. एक छोटी जाळी असते, पाणी तिच्यातून फिरतं. पंखा त्या जाळीवरून हवा मारतो. एवढंच असतं."

"म्हंजे पाट."

"काय?"

"विहिरीवरनं पाणी पाटानं वाफ्यात जातं, तसं."

"हो. तसंच."

मथुराबाई ओट्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "आपल्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. पाणी खाली गेलं की पाइपात हवा शिरायची. मग कडंच्या वाफ्याला पाणीच पोचायचं न्हाई. ह्यांनी इंजिनाची मूठ पिळली की जोर यायचा, फस्सकन थोडं पाणी जायचं. मूठ सोडली की बंद. आम्ही म्हनायचो, हवा धरली."

श्यामला त्यांच्याकडं बघतच राहिली. "घाटात गाडी तापली," ती सावकाश म्हणाली. "पाणी उकळून बाहेर गेलं. ह्यांनी एक बाटली ओतली. बाकी जागेत हवा. हीटरची जाळी उंचावर, हवा तिथंच अडकणार. इंजिन नुसतं चालू असलं की पाणी तिथवर चढत नाही, गार हवा येते. ॲक्सिलरेटर दाबला की..."

"मूठ पिळली की," मथुराबाई म्हणाल्या, "म्हातारा हो म्हनतो."

मग श्यामला म्हणाली, "तुम्ही माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोललात."

"तू तरी कुठं विचारलंस."

सहीच्या गुरुवारी सकाळी महाराज कर्वेनगरात कुणाकडे पाद्यपूजेला गेले होते आणि संभाजी कामावर. श्यामलानं शाळेतून रजा घेतली. गाडी रात्रभर थंड झालेली होती. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"स्वैपाक मीबी केलाय जन्मभर," मथुराबाई म्हणाल्या. "कुकरचं झाकण मला शिकवू नको."

शेडसमोर चढ होता. गाडीचं तोंड चढाकडं करून श्यामलानं गाडी उभी केली, म्हणजे झाकण सगळ्यांत उंच राहील. मग गेनबांची छाती उघडली. कुणाचाही जीव बाहेर आला नाही. रेडिएटरला जोडलेली पाण्याची बाटली कोरडी, आणि रेडिएटरचं झाकण काढलं तर आत बोट घालूनही पाणी लागेना. एका नळीच्या तोंडाशी पांढरे डाग होते. तिथली नळी आवळणारी पट्टी सैल होती, पाणी झिरपून वाळलेलं.

"हितनं गेलं पाणी," मथुराबाई म्हणाल्या. "बाहेरची हवा म्हनं. बाहेरची हवा आत शिरली, हे मातुर खरं बोलला मेला."

श्यामलानं पट्टी आवळली, गॅरेजातून आणलेलं हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, काठोकाठ ओतलं, झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू केलं. दोराबंद बटण लाल खुणेवर होतंच, त्याला हात लावायची गरज नव्हती. थोड्या वेळानं पाण्यातून बुडबुडे यायला लागले. गुडगुड, गुडगुड. पाणी खाली गेलं, तिनं आणखी ओतलं. पुन्हा बुडबुडे. मथुराबाई काठीला टेकून ते बघत होत्या. एकेक बुडबुडा फुटत होता. कुणाच्या परीक्षेचा होकार, कुणाच्या सुनेचा होकार. त्यांतला एक त्यांचाही होता. शेवटी बुडबुडे थांबले. श्यामलानं झाकण घट्ट लावलं.

"बसून बघा," ती म्हणाली.

मथुराबाई डाव्या सीटवर बसल्या. ॲक्सिलरेटरला कुणी पाय लावलेला नव्हता. पावलांवर ऊब आली आणि येतच राहिली. त्यांनी काही विचारलंच नव्हतं.

"आई, रडताय?"

"उदबत्तीचा धूर गेला डोळ्यात."

उदबत्ती पेटलेली नव्हती. श्यामला बॉनेट लावायला वळली. तेवढं शहाणपण तिच्यात होतं.

संध्याकाळी शेड फुलून गेली. सहीचा कागद ताम्हनात, त्यावर फूल. गाडी पुन्हा जागेवर, हार नवे. आधी नेहमीचे भक्त. एका पोरानं विचारलं, "गेनबा, या वर्षी कॅम्पसमधून नोकरीला लागेन का?" महाराजांना त्या पोराचा चेहरा आवडत नसावा. मंत्र आखूड झाला. पण हवा उबदार आली. पोरगं हरखलं. महाराजांच्या कपाळाला आठी पडली.

दुसरी बाई बसली. तिनं सासूबद्दल विचारलं, मंत्र पुन्हा आखूड, हवा पुन्हा उबदार. महाराज पुढं वाकून शालीकडं बघायला लागले. घंटा थांबली होती, आणि नेमका त्या शांततेत श्यामसुंदर कुजबुजला, "महाराज, पाय काढलाय हो मी."

"कुठला पाय?" मथुराबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या.

कुजबूज ऐकली होती दोघातिघांनी. मथुराबाईंचा आवाज मात्र पार रस्त्यापर्यंत गेला.

"गेनबा आज प्रसन्न आहेत," महाराज घाईनं म्हणाले. "आज सर्वांना होकार. अशा दिवशीच भूमीचं दान—"

"थांबा. मला इचारायचंय." त्या उतरल्या, पुढं येऊन डाव्या सीटवर बसल्या आणि दार उघडंच ठेवलं. "एऽ पोरा, हिकडं ये. जाळीपाशी हात धर आनि मोठ्यानं सांग. महाराज, तुमची घंटा राहू द्या. अहो, जागा मंदिराला द्यायची का?"

"गरम," पोरगं म्हणालं.

"जागेत मेथीच लावायची का?"

"गरम."

"मी जित्ती हाय का?"

"गरम."

"मी मेले का?"

"गरमच आहे, आजी."

लोकांत हसू फुटायला लागलं.

"महाराज लबाड हायत का?"

"चांगलीच गरम आहे."

मग मथुराबाईंनी लाखेची गाठ तोडली, दोरा काढला आणि बटण निळ्या खुणेकडं फिरवलं. "आता?"

"गार झाली."

"म्हातारा रुसला बघा," त्या म्हणाल्या, आणि बटण परत फिरवलं. "आता राजी झाला. ह्याला हीटर म्हनतात. पानी कमी पडलं होतं, नळीत हवा धरली होती. मूठ पिळली की ऊब यायची, सोडली की जायची. मूठ ह्या शालीखाली हाय. सूनबाई, दाव त्यांना."

श्यामलानं बॉनेट उघडलं आणि हीटरच्या दोन नळ्या दाखवल्या. पट्टीवरचे पांढरे डाग दाखवले. लोक वाकून वाकून बघत होते. श्यामसुंदर पूर्वी टॅक्सी चालवायचा हे त्याच गर्दीतल्या कुणीतरी ओळखून सांगितलं. शाल तिथंच टाकून तो चपला शोधायला लागला. एवढ्या ढिगात त्या काही सापडेनात.

महाराजांनी शेवटचा फासा टाकला. "माई, नवऱ्याच्या आत्म्याची ही विटंबना आहे. त्यांचा राग नाही म्हणून त्यांनी तुम्हाला ऊब दिली होती. ती पण खोटी का?"

हे घरातल्यांना नवं होतं. संभाजी आईकडं बघायला लागला.

मथुराबाई गाडीतून उतरल्या. दाराला धरून उभ्या राहिल्या.

"खोटी," त्या म्हणाल्या. "ती बी खोटी. गेनबा मेले. मी त्यांची बायको, मथुरा, सांगते. गेनबांना राग आला होता का न्हाई, मला ठावं न्हाई. आता कधीच ठावं व्हायचं न्हाई. तुला तर त्याहून न्हाई."

एवढं बोलून त्यांनी ताम्हनातलं फूल बाजूला ठेवलं आणि कागदाची घडी घालून संभाजीच्या हातात दिली. त्यानं महाराजांसाठी रिक्षा थांबवली. त्यांच्या पाया मात्र पडला नाही.

दुसऱ्या दिवशी शेडबाहेर एकही चप्पल नव्हती. तिसऱ्या दिवशीही. लोक रागावले नव्हते, लाजले होते, आणि लाजलेला माणूस परत त्या गल्लीत येत नाही. संध्याकाळी मथुराबाई ओसरीवर बसून होत्या, तेव्हा फाटक वाजलं. श्रीनिवासराव होते.

"बसायला सांगणार असाल तर बसतो," ते म्हणाले. "नसाल तर उभ्यानं बोलून जातो."

"बसा."

ते बसले. मग म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत. मला ते मान्य आहे. पण माझ्याकडं आठवड्यात एक होकार होता. तुम्ही तो काढून घेतलात. आता शुक्रवारी मी काय करू, तेवढं सांगा."

"पोराला इचारलंत कधी?"

"काय?"

"येनार का म्हनून. पोराला."

श्रीनिवासराव हसले. "तो नाही म्हणेल."

"म्हनून गाडीला इचारत होता."

श्रीनिवासरावांनी खिशातून फोन काढला, बघत राहिले, परत ठेवायला लागले. मथुराबाईंनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी नंबर लावला. तिकडं सकाळ होती. आधी हवापाण्याचं बोलणं झालं, नातीच्या दाताचं झालं. मग श्रीनिवासराव म्हणाले, "माधव, एक विचारायचं होतं. तुम्ही लोक परत यायचा विचार... नाही ना करत?" आणि ऐकत राहिले. तिकडचा आवाज बराच वेळ चालला होता. शेवटी ते म्हणाले, "नाही, नाही, वाईट नाही वाटलं. बरं झालं सांगितलंस. हो. हो, रविवारी कर फोन."

फोन ठेवून ते अंगणाकडं बघत बसले. "नाही म्हणाला," ते म्हणाले.

"चहा टाकते."

"रविवारी फोन करतो म्हणाला. स्वतःहून म्हणाला." त्यांनी फोन खिशात टाकला. "एवढं तर गाडीनं कधी सांगितलं नव्हतं."

मथुराबाई चहा टाकायला उठल्या. त्यांच्याकडं लावायला नंबर नव्हता. त्या स्वयंपाकघरात गेल्या, आधण ठेवलं आणि श्यामलाला हाक मारली. ती आली.

गेलेलं माणूस कुठल्याही नळीतून बोलत नाही. त्याला जे विचारायचं राहिलं ते राहिलंच, त्याचं ओझं ज्यानं त्यानं वाहायचं. पण ज्यांचं माणूस अजून आहे, मग ते अमेरिकेत असो की शेजारच्या खोलीत, त्यांनी ते गाडीला, बुवाला, भगव्या शालीला विचारू नये. त्या माणसालाच विचारावं. नकार मिळेल. तो खऱ्या माणसाचा असेल, आणि त्याच्याशी पुढं बोलता येईल. आणि गाडी तापली तर तिला गॅरेजात न्यावं.